बालपणीची भीती आणि मोठी माणसे

(आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात वस्तीतील एका सेवानिवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातील भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



समितीने मला बालसंस्कार या विषयावर बोलायला सांगितले होते. मी ३७ वर्षे मनपाच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, तेव्हा संस्कारावर बोलायला बाईच बऱ्या, असे त्यांना वाटले असावे. पण संस्कारावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच. मी आज दुसऱ्याच एका गोष्टीवर बोलणार आहे. लहानपणी लागलेली भीती. त्यातही अशी भीती, की दुसऱ्याला सांगितली तर तो हसेल. ती मोठेपणी जाते कुठे, की जातच नाही, यावर बोलते. अध्यक्ष साहेबांनी सांभाळून घ्यावे.

अंधाराला, कुत्र्याला, पालीला भिणारे मूल सर्वांनाच समजते. त्याला आपण जवळ घेतो. पण काही मुले अशा गोष्टीला भितात की मोठ्या माणसाला हसूच येते. माझ्या वर्गात अशी कितीतरी लेकरे येऊन गेली. एक मुलगी बटणाला भ्यायची. तुटलेले बटण बाकावर पडलेले दिसले की त्या बाकावर ती बसायची नाही. एकीला भिंतीवरच्या फोटोतले डोळे आपल्या मागे मागे फिरतात असे वाटायचे, आणि फोटो कुणाचा, तर तिच्याच वारलेल्या आजोबांचा, ज्यांच्या मांडीवर ती खेळली होती. बटणाचे कारण मला शेवटपर्यंत कळले नाही. कारण प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही.

एकाचे मात्र सापडले. १९८३ सालची गोष्ट. पहिलीत एक पोरगा होता. हुशार, बोलका. पण शाळेच्या नळाजवळ जायचा नाही. तहानेने जीव कासावीस झाला तरी नाही. तेव्हा नळ ठरल्या वेळी यायचे, आणि पाणी यायच्या आधी तोटीतून हवेचा सूऽऽ असा आवाज निघायचा. तो आवाज आला की हा दाराकडे पळायचा. सारा वर्ग हसायचा. खरे सांगते, मीही हसले. एकदा तर त्याचा हात धरून त्याला ओढतच नळापाशी नेले, म्हटले, बघ, काय आहे त्यात? त्याने माझ्या हाताला चावा घेतला आणि तिथेच त्याची चड्डी ओली झाली. मग आठ दिवस शाळेत आला नाही.

मी त्याच्या घरी गेले. त्याची माय म्हणाली, "बाई, मीनंच सांगतलं होतं त्याले. पाण्यात लय खेये, आयके नाही. म्हटलं, नळात साप हाय, आयक कसा सू करते."

झाले! त्या माउलीचा काही दोष नाही. दहा घरची धुणीभांडी करणारी बाई, पाणी वाया जाते म्हणून बोलून गेली. आपण सर्वच असे बोलतो. झोपला नाहीस तर बुवा येईल. जेवली नाहीस तर झोळीवाला नेईल. डॉक्टर सुई देईल. आपण बोलून विसरतो, लेकरू विसरत नाही.

मग मी त्याला नळाकडे नेणे बंद केले. नळ यायच्या वेळी त्याला व्हरांड्यात माझ्याजवळ बसवायची आणि त्याच्या हातात मूठभर फुटाणे द्यायची. नळ लांब अंगणात. आवाज आला की तो फुटाणे खाणे थांबवायचा, मी गप्प बसायची, थोड्या वेळाने तो परत खायला लागायचा. दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे बसायचे. कधी कधी दोन पावले मागेही यावे लागले. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी त्याने स्वतःहून तोटीत बोट घातले आणि ओरडला, "बाई, साप नाही!"

मला वाटले होते, ही माझी युक्ती. पुढे एका प्रशिक्षण वर्गात कळले की ६० वर्षांआधीच ती करून झाली आहे. अमेरिकेत १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या दोघांनी एका अकरा महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा, त्याने हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळांत ते बाळ नुसत्या उंदराला पाहून रडू लागले. आणि पुढे सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटालाही. म्हणजे भीती एका वस्तूची लावली, ती तिच्यासारख्या दिसणाऱ्या चार वस्तूंवर पसरली. मला विचाराल तर तो प्रयोग निर्दयपणाचा होता, कारण त्या बाळाची भीती काढून न देताच त्याला जाऊ दिले. पण चार वर्षांनी, १९२४ साली, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवल्याचे लिहिले. कशी? त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यात दूर ठेवायचा. रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटरने ससा मांडीवर घेतला. तिकडे ससा, इकडे नळ, एवढाच फरक.

आता खरी गंमत ऐका. तो नळवाला मुलगा आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, रेल्वेत आहे. मागे एका लग्नात भेटला. मी थट्टेने विचारले, काय रे, साप गेला का? तो हसला नाही. म्हणाला, "बाई, घरी पाण्याची मशीन बसवली, ती सुरू होताना सू करते. अजूनही एक क्षण हात थांबतो. पण आता पळत नाही."

अभ्यासक आज हेच सांगतात. जुनी भीती पाटीवरच्या अक्षरासारखी पुसली जात नाही. तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि ती घट्ट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा गिरवावी लागते. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, त्याला अमिग्डला म्हणतात. धोका दिसला की आपण विचार करायच्या आधीच तो अंगाला इशारा देतो. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पाय मागे सरतो. विचार मागून पोचतो. म्हणून भिणाऱ्याला कारणे पटवून भागत नाही. त्याला ती पटलेलीच असतात.

आपल्या नागपूरचीच उदाहरणे घ्या. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्या जागी आता मॉल आहे. तरुण पोरांना भोंगा म्हणजे काय हेच माहीत नाही. आमच्या लहानपणी अर्धे शहर भोंग्यावर उठायचे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे. लहानपणी त्यांना भोंग्याची विलक्षण भीती. कान झाकून ते पलंगाखाली जायचे. घरच्यांना वाटे, मोठा आवाज आहे म्हणून भितो. पण तसे नव्हते. बाबा रात्रपाळीला जायचे, आणि तीन वर्षांच्या त्या पोराच्या मनात भोंगा आणि बाबांचे जाणे एकच होऊन बसले होते. भोंगा वाजला की बाबा दिसेनासे होतात. आज मिल नाही, बाबा नाहीत. पण घरात कुकरची शिटी लांबली की हे गृहस्थ हातातले वर्तमानपत्र ठेवून उभे राहतात. बायको म्हणते, बसा, वरण शिजून राहिलं. ते बसतात.

दुसरे मारबतीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरांचा एवढा आनंदाचा दिवस दुसरा नाही. नवे कपडे, लाकडाचा बैल, घरोघरी खाऊ. आणि त्याच दिवशी इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची ही प्रथा, नागपूरची ओळखच म्हणा. माणसाच्या दुपटी-तिपटीची ती बाई, मोठे डोळे, मागे हजारो लोकांचा "घेऊन जा गे मारबत" असा आरडाओरडा, आणि शेवटी तिला जाळतात. मोठ्यांना माहीत असते की ती रोगराई आणि पीडा घेऊन जाते. चार वर्षांच्या पोरीला एवढेच कळते की ती घेऊन जाते. काय घेऊन जाते, कुणाला, हे तिला कोणी सांगितलेले नसते. माझ्या वर्गातली एक मुलगी तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन घराबाहेर पडायचीच नाही. हे बंद करा असे मी म्हणत नाही. खांद्यावरच्या पोराला गर्दीत उंच धरण्याआधी त्याला दोन शब्द सांगा, एवढेच म्हणते.

काही भीती मात्र मुलांच्या मनातून येत नाहीत, त्या समाज देतो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत, त्यातली पहिलीच १९०१ सालची आहे. साताऱ्याहून घरची लेकरे निघाली, त्यांत बाबासाहेब आणि त्यांचे भाऊ होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर होते, त्यांच्याकडे सुटीला. मसूरच्या स्टेशनवर उतरले, घ्यायला कोणी नाही. जात कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून निघाले. रात्र पडली. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी देईना, म्हणून जेवणही तसेच राहिले. अनोळखी मुलूख, अंधार, आणि मोठे माणूस सोबत नाही. बाबासाहेब तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे. तीसेक वर्षांनी, जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्यावर ते लिहायला बसले, तेव्हा स्टेशन मास्तर, बैलगाडी, टोलनाका, सारे काही काल घडल्यासारखे त्यांना आठवत होते. त्या प्रसंगाचा ठसा कायमचा राहिला, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. मी वर्गात दरवर्षी ही गोष्ट सांगायची. मुले विचारायची, मग पाणी कधी मिळालं? मी १९२७ च्या महाडवर जायची. पण सांगताना मनात यायचे, की या पोरांनाही आपले आपले काही असेल, आणि ते मला कोणी सांगत नाही.

कारण मीही कोणाला सांगितले नव्हते. आता ते सांगते. इतकी वर्षे या विहारात येते, पण इथे हे पहिल्यांदाच बोलते आहे.

१९५६ च्या ऑक्टोबरमध्ये मी आठ वर्षांची होते. १४ तारखेला दीक्षाभूमीवर मायच्या मांडीला टेकून बसले होते. पांढरी लुगडी, पांढरी धोतरे, जिकडे पाहावे तिकडे पांढरेच पांढरे. बाबासाहेब मला दिसले नाहीत, दूर होते, पण सारे लोक एका आवाजात बोलले ते अजून कानात आहे. त्या आठवड्यात बाबांनी घरातले देव काढले. एक टोपली भरली. त्यात मरीमायचा शेंदूर फासलेला दगड होता, दोन पितळी मूर्ती होत्या, एक तसबीर होती. टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि आम्ही बापलेक पिवळ्या नदीवर गेलो. तो दगड मीच उचलून पाण्यात टाकला. बाबा म्हणाले, शाब्बास! तेलातला शेंदूर दोन्ही तळहातांना लागला होता. वाळूने घासला तरी निघेना. तेलात कालवलेला शेंदूर तसा चिवटच असतो, त्यात काही चमत्कार नाही. पण मला कुठे माहीत?

दिवाळीच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला गोवर निघाली. दीड वर्षाचा होता. आजी त्याच्या उशाशी बसून पुटपुटली, "मायीले घराबाहीर काढलं, ते का उगी राहीन?" बाबा तिच्यावर ओरडले. आजी गप्प झाली. पण मी ऐकले होते. भावाचा ताप छातीत उतरला आणि नोव्हेंबर संपता संपता तो गेला. मी माझे तळहात पाहिले. त्यांवर काही नव्हते. मला मात्र शेंदूर दिसला.

आणि मग ६ डिसेंबर आला. तुमच्यापैकी जे त्या वेळचे आहेत त्यांना सांगायला नको, वस्तीत एका चुलीवर तवा चढला नव्हता. माणसे भिंतीला डोके आपटून रडत होती. आठ वर्षांच्या डोक्याने हिशेब केला. दगड टाकला मी. आधी भाऊ गेला. आता बाबासाहेब गेले. मी केले हे.

भगिनींनो, हसू येण्यासारखेच आहे ते. पण मी हे कोणाला सांगणार? बाबांना सांगितले असते तर त्यांनी समजावले असते, हे आज कळते. तेव्हा वाटले, कळले तर मला घराबाहेर काढतील.

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले. गोवर विषाणूने होते, देवीच्या रागाने नाही, हे मीच वर्गात शिकवले. १९८५ पासून आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवरची लस आली, तेव्हा वस्तीत घरोघर फिरून मी बायांना समजावले. डोक्यात काही शंका उरली नव्हती. पण शेंदराचा रंग दिसला की हात आखडायचे. त्या रंगाची साडी मी कधी नेसले नाही. मुलांच्या रंगपेटीतून त्या रंगाचा खडू काढून कपाटात टाकायची. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. त्यात पूजा करणार नाही असे आहे. भिणार नाही असे कुठे आहे? आणि असते तरी भीती प्रतिज्ञेने निघून गेली नसती.

यापुढचे सांगायला मला फार लाज वाटत होती. भंतेजींची क्षमा मागून सांगते. चीवर कोणाचे तांबूस असते, कोणाचे पिवळसर, आणि काहींचे अगदी त्या रंगाच्या जवळचे. माझ्या लग्नात भंतेजी मंगल परित्त म्हणत होते आणि मी थरथरत होते. लोक म्हणाले, नवरी लाजते. विहारात मी कायम शेवटच्या ओळीत, दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसायची. बाया म्हणायच्या, शिकलेल्या आहेत पण किती साध्या. मी साधी नव्हते. दार जवळ असावे म्हणून तिथे बसत होते.

१९९१ च्या वर्षावासात एका भंतेजींनी मज्झिम निकायातले भयभेरव सुत्त समजावून सांगितले. तुम्ही ऐकले असेल. जेतवनात जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाने विषय काढला की अरण्यात एकटे राहणे फार कठीण, मन भ्यायला लागते. भगवंतांनी त्याला आपली बोधिप्राप्तीच्या आधीची हकीकत सांगितली. पंधरवड्याच्या ज्या रात्रींना लोक भितात, अष्टमी, चतुर्दशी, पंधरावी, त्या रात्री ते मुद्दाम भीतिदायक जागी जाऊन राहत. एखादे जनावर येई. मोर काटकी पाडी. वाऱ्याने पाचोळा वाजे. आणि मनात येई, ही आलीच भीती! मग ते काय करीत? चालताना भीती आली तर ती जाईपर्यंत चालतच राहत. थांबत नसत, बसत नसत. उभे असताना आली तर उभेच. बसलेले असताना आली तर बसूनच. आडवे असताना आली तर आडवेच.

मी दाराजवळ बसून ऐकत होते. मला दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे भगवंतांनाही काटकीच्या आवाजाने भीती वाटली होती आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. दुसरी म्हणजे, मला माझा नळवाला पोरगा आठवला. मी दुसऱ्याच्या लेकराला व्हरांड्यात बसवून फुटाणे दिले, आणि स्वतः चपलांजवळ बसले होते.

पुढच्या रविवारी मी एक सतरंजी पुढे बसले. कोणाच्या लक्षातही आले नाही. छाती धडधडत होती, ती किती वेळ धडधडते ते मोजत बसले. वीसेक मिनिटांत उतरली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक ओळ. एकदा मात्र मध्येच उठून बाहेर आले, पाणी प्यायचे निमित्त करून. ती चूक झाली. अर्ध्यात उठले की मन शिकते, पळालो म्हणून वाचलो. त्यानंतरचे दोन रविवार परत मागेच गेले. असे करत करत आश्विन पौर्णिमेपर्यंत तिसऱ्या ओळीत आले, आणि एका झटक्यात ठरवून टाकले, की या वेळचे चीवरदान आपल्या घरून.

गांधीबागेतून चीवर आणले. कागदात बांधलेले, एक रात्र घरात टेबलावर ठेवले होते. त्या रात्री मी तीन वेळा उठून हात धुतले. तेव्हा माय माझ्याकडे राहायला आली होती. तिसऱ्या वेळी ती मोरीच्या दारात उभी. "काहून हात धुते वं इतल्या रात्री?"

पस्तीस वर्षांनी मी तिला सांगितले. टोपली, शेंदूर, भाऊ, बाबासाहेब, सारेच. माय खाली बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अवं, गोवर तं दसऱ्याच्या आंधीपासूनच होती आपल्या ओळीत. बाजूच्याइचं पोरगंबी गेलंच नं त्याच महिन्यात. त्याइनं कुठी टाकले होते देव?"

एवढी साधी गोष्ट! पस्तीस वर्षे ती तिच्याजवळ होती, मी विचारलीच नाही. आणि तिला वाटायचे, पोरगी लहान होती, तिला काय आठवणार.

दुसऱ्या दिवशी माय आपल्या घरी गेली आणि संध्याकाळी परत आली. मुठीत एक चिंधी होती. सोडली तर आत चांदीचा छोटासा टाक, देवीचा. त्या टोपलीत तो नव्हता. तिने तो आदल्या रात्री काढून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला होता आणि बाबा गेले तरी त्यांना कळला नव्हता. तिने त्याची पूजा कधी केली नाही, दिवा लावला नाही. डबे बदलले, तांदूळ बदलले, टाक तळाशीच. मी विचारले, "मग ठेवला कशाला माय?" म्हणाली, "मीबी भेतच होती नं वं. एक लेकरू गेलं होतं. तुम्ही तिघं होते."

मायला हसणारे इथे कोणी नाही, हे मला माहीत आहे. माझा अंदाज आहे की असे डबे आणखीही असतील. असतील तर त्या बायांना कोणी रागावू नका. त्या धम्मात कच्च्या आहेत असेही म्हणू नका. माझी माय दर पौर्णिमेला विहार झाडायची. तिला जाऊन विचारा, भीती कधीची आहे, त्या वेळी घरात काय झाले होते.

चीवरदान झाले. माझे हात कापले, पण चीवर माझ्याच हातांनी दिले. त्यानंतरच्या सोमवारी मी आणि माय इतवारीत सराफाकडे गेलो. टाक पाच ग्रॅमच्या आसपास भरला, चौतीस रुपये आले. मायने त्याची संत्री घेतली, आंबिया बहाराची, अर्धी हिरवी, आणि रस्त्यातच एक सोलली. निम्मी मला दिली, निम्मी आपण खाल्ली. आंबट होती.

मी आता दुसऱ्या ओळीत बसते. चपलांजवळची जागा रिकामी असते, तरी येताना एकदा तिकडे नजर जातेच. आज तिथे एक लहान मुलगी बसली आहे. ती आतल्या मोठ्या पंख्याकडे सारखी बघते, आणि तिची आई तिला पुढे ओढते आहे, ते मला इथून दिसते. ताई, राहू द्या तिला तिथेच आज. मी जेवणानंतर येते तिच्याजवळ बसायला.

भोजनदानाची वेळ झाली आहे, बाया घाई करत आहेत. मी इथेच थांबते. नमो बुद्धाय. जय भीम.